मिडलचे मास्तर

वऱ्हाडात 'मिडल' हा शब्द अजून मेलेला नाही. सरकारी कागदावर ती शाळा कधी पूर्व माध्यमिक झाली, कधी वरिष्ठ प्राथमिक. हल्ली तिला उच्च प्राथमिक म्हणतात. पण दिग्रसच्या किंवा उमरखेडच्या बाजारात एखाद्या ऐंशीच्या पुढच्या गृहस्थाला शिक्षण विचारा. तो मान किंचित ताठ करून सांगेल, "मिडल पास हाये मी." त्या 'पास'मध्ये एक ऐट असते. आजच्या पदवीधरालाही ती जमत नाही.

नोकरीची पहिली अकरा वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीला शिकवले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अध्यापक विद्यालयात होतो. तिथे सराव पाठ सुरू होण्याआधी प्रत्येक तुकडीतल्या छात्राध्यापकांना मी एक प्रश्न विचारत असे : नोकरी लागली तर खालचे वर्ग मागाल की वरचे? उत्तरे रोजनिशीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवी. त्यामागे काही अभ्यासाचा हेतू नव्हता, सवय होती. निवृत्तीनंतर ती पाने काढून वाचली तेव्हा दिसले, की बहुतेकांना वरचे वर्ग हवे होते, आणि कारणेही जवळजवळ सारखीच होती. 'विषय नीट शिकवता येतो.' 'मुले समजदार असतात.' 'शिकवल्याचे समाधान मिळते.' परीक्षकापुढे द्यावीत तशी ही उत्तरे. ती खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या खाली आणखी काही दडलेले होते, आणि त्याचा माग काढताना मला बराच मागे जावे लागले.

वऱ्हाडाचा कारभार १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला. आपल्या जिल्ह्याचे नाव तेव्हा 'वणी' होते. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्या काळच्या शाळांच्या रचनेत चौथीनंतर वाट फुटत असे. एक मराठी मिडल : पाचवी ते सातवी, सगळे विषय मराठीतून. दुसरी अँग्लो-व्हर्नाक्युलर मिडल : पाचवी ते आठवी, इंग्रजीसह आणि फी भरून. इंग्रजी मिडलची वाट हायस्कुलात जाई, तिथून मॅट्रिक, मग कारकुनी किंवा वकिली. मराठी मिडलची वाट सातवीला संपे. पुढे फार तर नॉर्मल स्कूल, म्हणजे मास्तरकी, नाही तर पटवाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी.

या दोन वाटांचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठी मिडल ही स्वतःचे मास्तर स्वतःच घडवणारी शाळा होती. सातवी पास झालेला पोरगा खालच्या वर्गांवर अप्रशिक्षित मास्तर म्हणून लागे. काही वर्षांनी त्याला विद्यावेतन देऊन नॉर्मल स्कूलमध्ये पाठवत. तो 'ट्रेंड' होऊन परतला, की त्याला वरचे वर्ग आणि नशिबात असेल तर हेडमास्तरकी मिळे. म्हणजे पहिली-दुसरी उमेदवाराच्या वाट्याला आणि सहावी-सातवी मुरलेल्याच्या. वरच्या वर्गाला शिकवणे हा मान, खालच्या वर्गाला शिकवणे ही सुरुवात. माझ्या रोजनिशीतल्या पोरापोरींनी नॉर्मल स्कूलचे नावही ऐकलेले नव्हते, पण ही उतरंड त्यांच्या अंगात होती. त्यांच्या गावात पहिलीला शिकवणारे गुरुजी कुणाच्या लक्षात नव्हते. सातवीला गणित शिकवणारे सर मात्र गावाला ठाऊक होते.

या उतरंडीला पगाराचीही जोड होती. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले ते मुंबई इलाख्यापुरते होते, वऱ्हाडापुरते नव्हे. पण त्यांनी बोट ठेवले ते दुखणे इथलेही होते. प्राथमिक शाळेचा मास्तर शेतकरी वर्गातून यावा, तो प्रशिक्षित असावा आणि त्याला महिना निदान बारा रुपये मिळावेत, मोठ्या गावी पंधरा-वीस, अशी त्यांची मागणी होती. जो मास्तर नांगर धरू शकतो तो गावात मिसळेल, हा त्यांचा विचार. आपल्याकडे झाले उलटे. ज्याला नांगर सोडायचा होता तोच मास्तर झाला. कापसाच्या या जिल्ह्यात ते आजही तसेच आहे. घरात पिकाचा भरवसा नाही, म्हणून एक तरी पगार हवा. मुलगा चांगला शिकवेल की नाही, हा विचार त्यानंतरचा.

इंग्रजी वाटेने गेलेल्यांसाठी शिक्षकी हा मधला थांबा असे. लोकनायक बापूजी अणे हे वणीचे. १९०४ ते १९०७ या काळात ते अमरावतीच्या काशीबाई खाजगी हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुढे यवतमाळला वकिली सुरू केली आणि तिथून राजकारणात गेले. जिल्हा त्यांना वकील आणि पुढारी म्हणून ओळखतो, 'अणे मास्तर' कुणी म्हणत नाही. यात त्यांचा दोष नाही. ज्याच्यापुढे दुसरी दारे उघडी होती तो शाळेत थांबत नसे, एवढेच त्यातून कळते. थांबत तो मराठी मिडलवाला.

आणि ज्यांच्या वस्तीवर शाळाच नव्हती त्यांचे काय? वसंतराव नाईक १९१३ साली पुसदजवळच्या गहुली तांड्यावर जन्मले. तांड्यावर शाळा नव्हती. शिक्षणासाठी त्यांना आसपासच्या गावांतून फिरावे लागले. मग अमरावती, नागपूर. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सर्वांत दीर्घकाळ सांभाळणाऱ्या माणसाची शाळा अशी गावोगाव विखुरलेली होती. त्यांच्यामागे घरचा आधार होता. ज्या पोरांमागे तो नव्हता, ती चौथीनंतर गुरांमागे गेली. चौथी आणि पाचवी यांच्यामधला तो दोन-तीन कोसांचा रस्ता या जिल्ह्यातल्या किती पिढ्यांनी ओलांडलाच नाही.

रविशंकर शुक्लांच्या विद्यामंदिर योजनेचा इथे ओझरता उल्लेख करतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांत-वऱ्हाडात विद्यामंदिरांचा प्रयोग सुरू झाला. शाळेला जमीन जोडायची आणि तिच्या उत्पन्नातून शाळा व गुरुजी जगवायचे, अशी कल्पना. नावावरून वाद झाला, १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग ओसरला. फुल्यांना हवा होता तसा शेतीशी नाते असलेला मास्तर घडवण्याची ती एक संधी होती. तिचे पुढे काय झाले असते यावर मी पैज लावणार नाही.

स्वातंत्र्यानंतर शाळा जनपद सभांकडे आल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा. एका मास्तरने एका नोकरीत तीन राज्ये पाहिली, आणि त्याची पेन्शनची फाईल तिन्ही राज्यांत फिरली. या बदलात आमच्या मिडलची आठवी हळूहळू हायस्कुलाकडे गेली. महाराष्ट्राचा साचा पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी असा बसला. आणि गंमत पाहा : शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा ठरवला, तेव्हा जी आठवी वऱ्हाडी मिडलमधून गेली होती ती पुन्हा दाराशी आली. जुने लोक हसले. आठवी आपल्याकडेच राहावी म्हणून खाजगी हायस्कुलांनी केलेली धडपड आणि पाचवी-आठवीचे वर्ग जोडताना झालेली ओढाताण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता माझी स्वतःची निवड सांगतो, कारण ती लपवून दुसऱ्यांच्या निवडीबद्दल लिहिणे बरे दिसणार नाही. १९७९ साली मला दोन शाळांचा पर्याय होता. एक डोंगराच्या कुशीतली चौथीपर्यंतची, दोन शिक्षकी. पावसाळ्यात मधला नाला भरला की चार-चार दिवस तिकडे जाता येत नसे. दुसरी सातवीपर्यंतची. मी दुसरी मागितली आणि साहेबांपुढे सांगितले, की मला इतिहास शिकवायची फार आवड आहे. आवड होतीच. पण दुसऱ्या गावात एसटी मुक्कामी येत होती, पोस्ट होते, गुरुवारचा बाजार होता, आणि नुकतेच लग्न झाले होते.

यात माझा एकट्याचा स्वार्थ म्हणून सोडून देण्यासारखे काही नाही. सातवीपर्यंतची शाळा मोठ्या गावातच असायची. चार-सहा वाड्या-तांड्यांची पोरे जिथे चालत येऊ शकतात अशा गावी ती निघे. कायद्यातही पुढे हेच अंतर आले : पहिली ते पाचवी घरापासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत. पोराला तीन किलोमीटर चालायला लावणारी शाळा मास्तरला मात्र रस्त्यावर आणून ठेवते. म्हणजे मिडल मागणे म्हणजे डांबरी रस्ता मागणे. दारव्हा मार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला धावत होती त्या काळात रुळाजवळच्या शाळांनाही असाच भाव होता. ती गाडी बैलगाडीच्या शर्यतीत हरेल अशी थट्टा व्हायची, पण मास्तरांना अप-डाऊनला चाले. मुलींच्या बाबतीत तर हे कारण निर्णायक असे. माझ्या रोजनिशीत एका छात्राध्यापिकेचे उत्तर आहे : "सर, वरचे वर्ग. म्हणजे गावात एसटी थांबते." साऱ्या तुकडीत खरे बोललेली ती एकटी. बाकीचे तिला हसले.

मुख्यालयी राहण्याचा नियम, घरभाड्याचा वाद, २०१७ च्या बदली धोरणातले 'अवघड क्षेत्र' या सगळ्यांच्या मुळाशी हाच रस्ता आहे.

पगाराचे आणि पात्रतेचे गणित नंतरचे. शिक्षण सेवक योजना २००० साली आली. तीन वर्षे मानधनावर काढायची, मग कायम. ते मानधन कित्येक वर्षे सहा हजार होते, २०२३ मध्ये सोळा हजार झाले. त्याआधीच्या दशकात डी. एड. महाविद्यालयांचे पीक आले होते. बारावीला बरे गुण पडले की बाप वावराचा तुकडा विकून पोराला डी. एड. ला घाले. मग भरती थांबली, वर्षे गेली, आणि तीच महाविद्यालये एकेक करून ओस पडली. माझ्या वर्गातल्या बाकांवर एका वर्षी धूळ इतकी होती, की सराव पाठ घ्यायला विद्यार्थी कमी आणि निरीक्षणाला अध्यापक जास्त. ज्यांनी वावर विकले त्यांतले काही मला आजही भेटतात. कुणी मेडिकलवर काम करतो, कुणी कृषी केंद्रावर बियाण्याच्या थैल्या उचलतो. ते मला अजून वाकून नमस्कार करतात, आणि मला कुठे पाहावे ते कळत नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये राज्यात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली. तिचे दोन पेपर : पहिला पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. इथे प्रथमच छात्राध्यापकाला लेखी, अर्जावर खूण करून निवडावे लागले. पदवी असलेल्या डी. एड. वाल्याला दोन्ही दारे उघडी. दुसऱ्या दारामागे विषय शिक्षकाचे पद, काहींना पदवीधर वेतनश्रेणी, पुढे केंद्रप्रमुख होण्याची आशा. बी. एड. वाल्यांचे दैव तर दिल्लीत फिरत राहिले. २०१८ च्या अधिसूचनेने त्यांना पहिली ते पाचवीलाही पात्र ठरवले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केले. त्यानंतर शाळेत शिकवू पाहणाऱ्या बी. एड. धारकाची पहिली पायरी सहावी. 'तू मिडल का निवडलेस?' या प्रश्नाचे त्याच्यापुरते उत्तर आता न्यायालयाच्या निकालात आहे. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही पात्रता परीक्षा बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचे. माझे पन्नाशीतले विद्यार्थी हल्ली मुलांच्या दप्तराशेजारी स्वतःचे गाईड घेऊन बसतात.

एवढे सांगून मी थांबलो असतो तर लेख पुरा झाला असता. मान, रस्ता, पगार, पात्रता. संशोधनाला शोभतील अशी कारणे. पण रोजनिशीत आणखी एक पान आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या शाळेत पहिलीचा वर्ग मराठी असतो असे आपण धरून चालतो. पुसद, दिग्रस, महागावकडे पोर तांड्यावरून गोरमाटी घेऊन येते. त्याच्या घरी 'आई' नसते, 'याडी' असते. झरी जामणी, मारेगाव, केळापूर भागात कोलामांचे पोड आहेत. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. याच पट्ट्यात गोंडीही आहे. या पोरांच्या पहिलीत मास्तर बोलतो ते वाऱ्यावर जाते. तो हातवारे करतो, चित्र दाखवतो, शेवटी वर्गातल्या मोठ्या पोराला दुभाषी करतो. सहावीपर्यंत जी पोरे टिकतात ती मराठी बोलू लागलेली असतात. जी बोलू लागली नाहीत ती तिथे नसतातच.

'मुले समजदार असतात' या उत्तराचा अर्थ मला इथे लागला. वरच्या वर्गातली मुले समजदार असतात, कारण न समजलेली आधीच गाळून गेलेली असतात. वरचे वर्ग मागणारा छात्राध्यापक नकळत त्या गाळणीच्या पलीकडची जागा मागत असतो. अकरा वर्षे मी तिथेच होतो आणि माझा निकाल चांगला लागतो म्हणून मिरवत होतो.

हे कळल्यावर मला वाटले, की उपाय सोपा आहे. ज्याला कोलामी येते, गोरमाटी येते, त्याने पहिली-दुसरी घ्यावी. काही वर्षे मी हे तुकडीपुढे आवर्जून सांगत असे, आणि बोलताना माझा आवाजही जरा चढत असे. आमच्या विद्यालयात तेव्हा एका पोडावरची मुलगी आली. तिच्या पोडावरून डी. एड. ला आलेली पहिलीच. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखे, बोलणे कमी. तिचा पहिलीच्या वर्गावरचा सराव पाठ मी मागच्या बाकावरून पाहिला. पोरे आधी गप्प होती. तिने कोलामीत एक वाक्य म्हटले आणि वर्ग असा काही उसळला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. तो पाठ मी अजून विसरलेलो नाही. पाठ टाचणावर मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

तिने मात्र उत्तरात 'वरचे वर्ग' लिहिले होते. मी तिला बोलावून घेतले. तुझ्यासारख्या मुलीची खाली किती गरज आहे, आज तू काय केलेस ते तुझ्या लक्षात तरी आले का, असे बरेच बोललो. तिने सगळे ऐकून घेतले.

"सर, माझ्यासंगच्या पोरी सहावी-सातवीत सुटल्या," ती म्हणाली. "पहिलीत नाही सुटल्या. मराठी आली होती त्यांना. मग गणितात काही समजेना, इंग्रजी आली, अन् सर म्हणत, तुमच्याच्यानं हे होत नाही. घरचे म्हणत, मंग कायले जाते. माझी बहीण बी तवाच सुटली."

मी म्हटले, "पण पहिलीला तुझी भाषा जाणणारं कुणीच नाही ना."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, "सर, तुम्हाला मराठी येते. तर तुम्हाला कधी कुणी म्हटलं का, की तुम्ही पहिलीलेच शिकवा म्हणून?"

मी काही बोललो नाही. तिला चहा विचारला. तिने नको म्हटले आणि पाठ टाचणाची वही उचलून गेली. त्या दिवशीच्या पानावर मी तिच्या नावापुढे 'वरचे' असे लिहिले आहे. कारणाचा रकाना कोरा आहे. त्यानंतरच्या तुकड्यांना मी तो प्रश्न विचारला, पण भाषण केले नाही.

पुढे तिला नोकरी लागली, केळापूर भागातल्याच एका सातवीपर्यंतच्या शाळेत. ती सहावी-सातवीला गणित शिकवते आणि मधल्या सुट्टीत पहिलीच्या वर्गात जाऊन बसते, असे तिच्या मुख्याध्यापकांनी मला एकदा बसस्टँडवर सांगितले. त्यांच्या बोलण्यात थोडी तक्रार होती. वेळापत्रकात तसे नाही, म्हणाले.